स्मार्टवॉचने तब्येत सुधारते का हो?

प्रश्न : बाबांना (वय 64, बीपीची गोळी चालू) भावाने स्मार्टवॉच पाठवलंय, तेव्हापासून रात्री साडेदहाला पण हॉलमध्ये सोफा ते गॅलरी फेऱ्या चालू असतात, का तर दहा हजार स्टेप्स व्हायच्यात. खरंच फायदा होतो का याचा?

उत्तर : ताई, होतो पण थोडाच, आणि तो चालण्याचा, घड्याळाचा नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचा एक अभ्यास 2016 ला आला, वजन जास्त असलेले 471 तरुण, 2 वर्षं, डाएट-व्यायाम सगळ्यांनाच होता, पण ज्यांना वरून ट्रॅकर दिला त्यांचं वजन साडेतीन किलो उतरलं आणि ज्यांना नाही दिला त्यांचं जवळपास सहा किलो! मला वाचून धक्काच बसला होता.

आणि ते दहा हजार कुठल्या डॉक्टरने सांगितलेले नाहीत, 1965 ला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र आलं, नावच 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं, तिथनं तो आकडा जगभर पसरला. बाबांच्या वयाला सहा-सात हजार झाली तरी भरपूर, रात्री निवांत झोपू दे त्यांना.

पण घड्याळाने ठोके अनियमित आहेत असं दाखवलं तर दुर्लक्ष करू नका, लगेच डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. आणि बीपी दंडाला पट्टा बांधूनच मोजा, मनगटावरचा आकडा बघून गोळी कमी-जास्त करू नका प्लीज.