पन्हाळा ते पावनखिंड दोन दिवसांत चालणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, आठवड्यातून तीनदा जिमला जाता, कळसूबाई झालंय, आणि आता जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचंय. जमेल. पण जिमच्या भरवशावर नाही, आणि कळसूबाईच्या तर मुळीच नाही.

कळसूबाई म्हणजे चढलो, फोटो काढले, उतरलो, रात्री घरी. इथे पन्हाळ्याहून निघायचं, मसाई पठार ओलांडायचं, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या मागे टाकत पांढरपाणी गावावरून खिंडीत उतरायचं. ५० किलोमीटरच्या आसपास धरा. छातीवर येणारा चढ फारसा नाही, पण छोटे चढउतार संपत नाहीत, आणि सगळीकडे लाल चिखल. दमलात म्हणून मागे फिरण्यात अर्थ नसतो, कारण अर्ध्यावर मागचं आणि पुढचं अंतर सारखंच.

माझं सांगतो. पहिला दिवस मी ऐटीत काढला. पठारावर धुकं एवढं की पुढच्याची सॅक दिसेना, पण पाय मस्त चालत होते. मुक्कामाला एका घराच्या पडवीत मोजे काढले, तर तळवे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे आणि टाचेवर रुपयाएवढा फोड. सकाळी ते थंडगार ओले बूट परत चढवताना डोळ्यांत पाणी आलं. दुसरा दिवस मी निम्मा चवड्यांवर चाललो.

१६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्याला पडलेल्या सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पालखीत बसून निसटले आणि पावसात रात्रभर वाट कापत घोडखिंडीपर्यंत आले; बाजीप्रभूंनी अडवून धरली ती हीच, नंतरची पावनखिंड. त्या पालखीच्या भोयांच्या पायात काय असेल, हा एकच विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात होता.

म्हणून तयारी दुसऱ्या दिवसाची करा. एका रविवारी २५ किलोमीटर मारून काही कळत नाही. शनिवारी उपवनवरून येऊरचा चढ चढून गावापर्यंत जा, उतरा, पुन्हा चढा, चार-पाच तास होऊ द्या. (डांबरी रस्ता सोडू नका, आत राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.) रविवारी तेच परत, पाठीवर सात-आठ किलो घेऊन. असे सहा शनिवार-रविवार पुरतात. शेवटच्या दोन वेळा बूट मुद्दाम भिजवून चाला. शेजारचे हसतील, हसू द्या.

कातडीत पाणी मुरलं की ती नरम पडते, आणि मग मोज्याची साधी घडीही तिला सोलून काढते. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, ते घरीच ठेवा. निघताना बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन चोपडा. मोज्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. तो फक्त रात्री झोपताना घालायचा, कितीही मोह झाला तरी दिवसा नाही. वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालू नका, ओढ्यात पाणी वरून शिरतं आणि मग आतच राहतं. नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतारावर अंगठा काळानिळा होतो. पावसात तहान लागत नाही, तरी घड्याळ बघून पाणी प्या.

वाटेत भातलावणी चालू असते. बांधावरून एकामागे एक चाला, कडेवर पाय देऊन बांध ढासळवू नका. आम्हाला एका आजींनी इरल्याखालूनच झापलं होतं, आणि बरोबर झापलं होतं.

आणि परतीसाठी चप्पल सॅकमध्ये टाकाच. बूट हातात धरून ठाणे स्टेशनचा पूल मी अनवाणी चढलोय.