तीन घरांतून आलेला पाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की आजी पोदेराकडून, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पाववाल्याकडून, पाव घेते, दुकानातून पाव किलो साखर आणायला सांगते आणि मंगेशीला हात जोडून ‘देवा, पाव’ म्हणते, हा एकच शब्द का? नाही, बाळा. शब्द तीन आहेत, आवाज तेवढा सारखा.

किलोतला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा भाग, इथे २५० ग्रॅम. हिंदीतला ‘पाँव’ याचाच भाऊ. मुलं अडखळतात ती ‘पावणे’पाशी. पावणेदोन ऐकलं की दोनाच्या वर काहीतरी असं वाटतं आणि २.२५ लिहिलं जातं. पण पावणे म्हणजे पाद ऊन, एक पाव कमी. आधी दोन लिही, मग पाव वजा कर : १.७५. घड्याळात एक वाजून ४५ मिनिटं. २.२५ म्हणजे सव्वादोन.

देवाला म्हणतात ते क्रियापद, संस्कृत ‘प्राप्’वरून आलेलं. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे, प्रसन्न होणे. शेजारी कोंकणीत ‘हांव पावलों’ म्हणतात, म्हणजे मी पोचलो. पैसे पावले, त्याची लेखी खूण ती पावती.

खायचा पाव मात्र पोर्तुगीज. पायांनी पीठ मळतात म्हणून पाव, असं कुणी सांगितलं तर ते खोटं. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे पावच; त्यातला न गळला आणि नाकातला आवाज तेवढा उरला. इथे लिस्बनला तो नीट काढावाच लागतो : शेवटी ओठ गोल कर, पण मिटू नकोस, हवा नाकातून सोड. नाक विसरलं तर ‘पाउ’ होतं, आणि पोर्तुगीजमध्ये ते लाकूड! कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता, हवाई बेटांवर ‘संपलं’. जपानला पोर्तुगीजांबरोबर खायच्या पावाचा हाच शब्द गेला आणि ‘पान’ झाला. तिथे पान खातात म्हणजे पाव खातात.

पोदेर हाही पोर्तुगीजच, ‘पादेइरु’वरून. पूर्वी पिठात खमिरासाठी माडाची सूर, म्हणजे माडी, घालत.

सकाळी त्याच्या सायकलचा हॉर्न वाजला की नुसता ‘पाव’ मागू नकोस. कडक पाठीचा उंडो, कोंड्याची पोकळ पोई, बांगडीसारखं कांकण, असं नाव घेऊन माग. आजीला चहाबरोबर कांकण लागतं.

तुझे बाबा