आधी दादाकडे, मग प्रभुभोजनाकडे

प्रश्न : आई कर्करोगाने गेली. चर्चच्या मंडळीने तिच्यासाठी महिनाभर प्रार्थनासभा घेतल्या होत्या. दफनविधीनंतर दादा म्हणाला, "तुझा विश्वास कमी पडला." तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षे, मी त्याच्याशी बोललेले नाही आणि चर्चलाही गेलेले नाही. आता त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. देव ऐकतो की नाही, हेच मला कळेनासे झाले आहे. अशा मनाने तिथे जाणे ढोंग होणार नाही का? भाकरी थापताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे पद ओठांवर येते आणि मी रागाने तोंड मिटते.
– एक वाचक, अहिल्यानगर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात दोन गाठी एकमेकींत अडकल्या आहेत. एक दादाशी आहे, दुसरी देवाशी. आणि दुसरी सुटल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, असे तुम्ही ठरवून टाकले आहे. माझे मत नेमके उलट आहे.

दादाचे वाक्य क्रूर होते, आणि शास्त्राच्या कसोटीवरही ते टिकत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप "माझा विश्वास आहे" आणि "माझा अविश्वास घालव" या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणतो, तरी येशू त्याला विश्वास पुरता जमवून पुन्हा ये, असे सांगत नाही. मुलाला बरे करतो. तुमची आई मात्र बरी झाली नाही. ती का झाली नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते आपल्यापाशी असल्याचे जो सांगेल त्याच्यापासून जरा दूरच राहावे.

टिळकांचे पद तुम्हाला आठवते, म्हणून त्यांच्याच घरातली गोष्ट सांगते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याकडे राहायला आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले, चूल वेगळी ठेवली. नवऱ्याशी समेट आधी झाला. बाप्तिस्मा त्यांनी पुढे 1900 साली, स्वतःच्या मनाने घेतला. श्रद्धा एक झाल्याशिवाय घरात पाऊल ठेवणार नाही, असे त्या म्हणाल्या असत्या, तर पुढचे काहीच घडले नसते.

येशू मरणातून उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचेही तसेच आहे. त्याच्या शंकेवर प्रवचने पुष्कळ होतात (तुम्हीही ऐकली असतील, आणि ती बहुधा त्याला टोचूनच असतात), पण शंका बोलून दाखवल्यावर आठ दिवसांनी तो त्याच शिष्यांबरोबर, त्याच घरात होता, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. त्याला कोणी बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही.

तेव्हा बाप्तिस्म्याला जरूर जा. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल आणि मन तयार नसेल, तर जागेवर बसून राहा. त्याला ढोंग म्हणत नाहीत. न पटणारी प्रार्थना मोठ्याने म्हणू नका. पद ओठांवर आले तर मात्र तोंड मिटू नका. कोणी कारण विचारलेच, तर "भाचीसाठी आले" एवढे उत्तर पुरे.

पण त्या दिवसाआधी दादाला फोन करा, म्हणजे पहिली भेट चारचौघांत होणार नाही. त्याच्या वाक्याने काय झाले ते त्याला सांगायचेच आहे, पण ते समोरासमोर, वहिनी स्वयंपाकघरात असताना. फोनवर श्रद्धेचा विषय काढू नका. आईचे गीतांचे पुस्तक कोणाकडे आहे, एवढेच विचारा.