साहसकथा लिहून मानधन मिळेल का?

प्रश्न : मी नाशिकचा २७ वर्षांचा संगणक अभियंता आहे. गेली पाच वर्षे मित्रांसोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पित जगात पात्रे रंगवत फाशांनी खेळायचा खेळ खेळतो आणि बहुतेक वेळा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, मीच असतो. स्वतः रचलेल्या एका जगाची दोनशे पानांची इंग्रजी टिपणे मी अमेरिकेतील तीन प्रकाशकांना ई-मेलने पाठवली. दोघांनी उत्तर दिले नाही. तिसऱ्याने ‘न मागवलेले साहित्य आम्ही वाचत नाही’ एवढेच कळवले. अशा प्रकाशकांसाठी बाहेरून लेखन करायचे असल्यास शिरकाव कसा होतो आणि त्यातून कितपत उत्पन्न मिळते?

उत्तर : तिसऱ्या प्रकाशकाचे उत्तर तुटक असले, तरी त्यात तुमच्या लेखनावरचे मत शोधू नका. अनोळखी माणसाची कल्पना वाचली आणि पुढे योगायोगाने त्याच धर्तीचे पुस्तक निघाले, तर चोरीचा आरोप यायचा. या धास्तीने अनेक प्रकाशक न मागवलेला मजकूर उघडतच नाहीत. दुसरे असे की, तुम्ही त्यांना एक जग देऊ केलेत आणि जग त्यांच्याकडे आधीच असते. त्यांना हवा असतो तो त्या जगातल्या एखाद्या बंदराचा, एखाद्या पंथाचा किंवा दहा-बारा राक्षसांचा मजकूर सांगितलेल्या शब्दसंख्येत आणि सांगितलेल्या तारखेला लिहून देणारा माणूस. दीड हजार शब्द मागितले असता अडीच हजार पाठवणाऱ्याला बहुधा पुन्हा काम मिळत नाही, कारण पानांची मांडणी आधीच ठरलेली असते आणि जास्तीचे हजार शब्द कापण्यात संपादकाचा दिवस जातो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षे नवख्या लेखकाची वाट ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ या नियतकालिकांतून जात असे. त्यांचे छापील अंक २००७ मध्ये थांबले. आता ती जागा स्वतः प्रसिद्ध केलेल्या छोट्या पीडीएफ पुस्तिकांनी घेतली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डीएम्स गिल्ड’ या विक्रीच्या संकेतस्थळावर तुम्हाला हा खेळ आता काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या ‘फरगॉटन रेल्म्स’सारख्या जगात लिहिता येते आणि विक्रीच्या किमतीतील निम्मा वाटा मिळतो, मात्र तिथे घातलेली पुस्तिका दुसरीकडे विकता येत नाही. दुसरा मार्ग जानेवारी २०२३ मध्ये मोकळा झाला. त्या वेळी कंपनीने खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली दिले, त्यामुळे श्रेयोल्लेख करून त्या नियमांवर आधारलेली पुस्तिका कुठेही विकता येते. त्यात नसलेली कंपनीची जगे आणि पात्रे तेवढी वापरायची नाहीत. तुम्ही या दुसऱ्या मार्गाने सुरुवात करावी, असे मला वाटते, कारण तुमचे जग तुमच्याच हाती राहील.

त्या दोनशे पानांतून चार तासांच्या एका बैठकीत संपेल अशी आठ-दहा पानांची एकच साहसकथा काढा. ती तुम्हाला न ओळखणाऱ्या डंजन मास्टरला चालवायला द्या आणि आपण शेजारी गप्प बसा. तो जिथे पाने मागेपुढे चाळू लागेल किंवा प्रश्नार्थक मुद्रेने तुमच्याकडे पाहील, तिथे लेखन फसले आहे. स्वतःच्या टेबलावर हे कळत नाही, कारण कागदावर राहून गेलेले तुम्ही बोलता बोलता भरून काढता.

एक उदाहरण देतो. नाशिककराला किल्ले दाखवायला नकोत, आणि गोमुखी बांधणीचा दरवाजाही तुम्ही पाहिला असेल. नवखा लेखक लिहितो, ‘तो भव्य आणि गूढ दरवाजा पाहून तुमच्या अंगावर काटा येतो.’ अंगावर काटा यावा की नाही, हे खेळाडूने ठरवायचे असते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘वाट दोन बुरुजांच्या मधून डावीकडे वळते. दरवाजा वळणानंतरच दिसतो. इथे शेजारी शेजारी दोघांनाच चालता येते आणि डोक्यावरच्या झरोक्यांतून कुजबुज ऐकू येते.’ यानंतर डंजन मास्टरसाठी : पहारेकरी किती आहेत, लाच दिल्यास ते काय करतात, दार फोडायचे म्हटले तर धाव घ्यायला जागा नाही, आणि फाशांनी दगा दिला तरी आत शिरण्याची दुसरी वाट कोणती. हा शेवटचा मुद्दा विसरला, तर एका वाईट फाशावर सगळी संध्याकाळ अडून बसते.

अशा दोन-तीन पुस्तिका झाल्या की प्रकाशकांच्या लेखक हवेत अशा जाहीर आवाहनांवर लक्ष ठेवा. त्यांना पाच-सहा ओळींचा ई-मेल, पुस्तिकांचे दुवे आणि महिन्याला किती शब्द देऊ शकता हा आकडा पुरे होतो. २०२२ मध्ये विझार्ड्सने काढलेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात कोलकात्यात जन्मलेल्या मिमी मोंडल यांची साहसकथा आहे, तेव्हा आपल्याकडच्या मातीला दारे बंद आहेत असे समजू नका. मात्र निव्वळ भारतीयत्वाच्या भांडवलावर जाऊ नका.

आता पैशांविषयी. मानधन बहुधा शब्दागणिक ठरते. शब्दाला पाच सेंट धरले, तर तीन हजार शब्दांचे दीडशे डॉलर होतात, आणि त्यात दुरुस्तीच्या फेऱ्याही आल्या. म्हणून नोकरी सोडू नका. करार बहुतेकदा ‘वर्क फॉर हायर’ पद्धतीचा असतो, म्हणजे सर्व हक्क प्रकाशकाचे. तेव्हा स्वतःच्या जगातली लाडकी पात्रे अशा कामात घालू नयेत. अमेरिकी प्रकाशक डब्ल्यू-८बेन हा कराचा अर्ज मागतात. त्यात तुमचा पॅन क्रमांक लिहावा लागतो. काम रद्द झाल्यास किती रक्कम मिळेल, हे सहीपूर्वी विचारा, आणि पैसे मजकूर स्वीकारल्यावर मिळणार की पुस्तक छापल्यावर, ते कलम नीट वाचा. माझ्या पहिल्या करारात ‘छापल्यावर’ असे होते. मजकूर मी वेळेवर दिला, पुस्तक रखडले आणि माझे ऐंशी डॉलर चौदा महिन्यांनी आले.