संमोहनासाठी कोणाकडे जावे? एका एसटी वाहकाचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातील एका आगारात वाहक असलेले बेचाळीस वर्षांचे गृहस्थ पत्नीसह माझ्या समुपदेशन कक्षात आले, तेव्हा त्यांच्याजवळ पोटविकारतज्ज्ञांची जाडजूड फाइल होती आणि पंधरा हजार रुपयांची एक पावती होती. (त्यांची अनुमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.) फाइल सांगत होती की कोलोनोस्कोपीसह सर्व तपासण्या निर्दोष आहेत आणि निदान इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे आहे, म्हणजे तपासणीत बिघाड न दिसताही पोटदुखी आणि शौचाची तक्रार पुन्हा पुन्हा होण्याचे. गाडी सुटण्याच्या वेळी पोटात कळ यायची, शौचाला जावे लागेल या धास्तीने कळ वाढायची आणि पुढचे बसस्थानक येईपर्यंत तिकिटे फाडताना घाम फुटायचा. दीड वर्ष गोळ्या घेऊनही फारसा फरक नव्हता, म्हणून त्यांनी लांब पल्ल्याच्या फेऱ्या घेणे सोडून दिले होते.

पावती मात्र वेगळ्याच ठिकाणची होती. मेहुण्याने दाखवलेल्या जाहिरातीवरून ते एका ‘संमोहनतज्ज्ञा’कडे गेले. त्या व्यक्तीने फाइल न उघडता अर्ध्या तासात सांगितले की हा मागच्या जन्मातील धक्का आहे, दहा बैठका लागतील, पैसे आगाऊ भरावेत आणि सर्व गोळ्या आजपासून बंद कराव्यात. त्या गोळ्यांमध्ये रक्तदाबाचीही गोळी होती. पत्नीला बाहेर बसायला सांगितले गेले, तेव्हा त्या उठल्या आणि नवऱ्याला घेऊन घरी आल्या.

“मॅडम, गुंगीत असताना हे काय बोलून बसतील, कुठं सही करतील, आणि परत शुद्धीवर आलेच नाहीत तर?” हा पत्नीचा पहिला प्रश्न होता. संमोहनाबद्दल विचारायला येणाऱ्या दहांपैकी आठ जण या ना त्या शब्दांत हेच विचारतात. यजमानांची भीती त्याहून स्पष्ट होती. मुक्कामी गाडी घेऊन ते पणजीला गेले असताना त्यांनी जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा पाहिला होता, ज्यात कलत्या स्त्रीवर हात पसरून एक धर्मगुरू उभा आहे. “असा ताबा घेतात ना समोरच्याचा?” असे त्यांनी विचारले.

तो पुतळा आबे फारिया यांचा आहे आणि योगायोग असा की त्यांच्या प्रश्नाचे उत्तर याच माणसाने दिले होते. १७५६ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेल्या फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये व्याख्याने देताना ठामपणे मांडले की प्रयोग करणाऱ्याच्या अंगात कोणतीही चुंबकीय शक्ती नसते. जे घडते ते समोरच्या माणसाच्या एकाग्रतेमुळे आणि त्याने स्वीकारलेल्या सूचनेमुळे घडते. पुतळ्यातील अभिनिवेश पाहणाऱ्याला उलटेच सुचवतो, हे खरे आहे. संमोहनात माणूस झोपत नाही, आवाज ऐकत असतो, नको असेल तर डोळे उघडू शकतो, आणि उपचारक मध्येच खोलीबाहेर गेला तरी थोड्या वेळाने आपणहून नेहमीच्या अवस्थेत येतो. सर्वांना सारख्याच प्रमाणात ही अवस्था साधते असेही नाही. काहींना ती सहज लागते, काहींना जवळजवळ लागतच नाही.

एवढे सांगून मी थांबले असते तर ते अर्धसत्य ठरले असते. संमोहनात इच्छाशक्ती हिरावली जात नसली तरी माणूस सूचनेला अधिक मोकळा असतो, आणि नेमके म्हणूनच अयोग्य हातांत नुकसान होते. हे मी अनुभवाने शिकले. अनेक वर्षांपूर्वी भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहून मी एका तरुणीला एका उपचारकाकडे पाठवले होते. ‘लहानपणी तुझ्याशी कोण वाईट वागले, ते आठव’ असे पुन्हा पुन्हा विचारले गेल्यावर तिला एक प्रसंग ‘दिसला’. तो प्रसंग घडला होता की सूचनेतून तयार झाला होता हे आजपर्यंत कोणीही सांगू शकलेले नाही, आणि एक कुटुंब मात्र दुभंगले. संमोहनात आठवलेली गोष्ट डोळ्यांसमोर लख्ख उभी राहते, माणसाला तिची खात्रीही वाटते, पण त्यामुळे ती खरी ठरत नाही. मी चौकशी केली नव्हती, याचे ओझे माझ्यावर अजून आहे.

आता मी एकच कसोटी आधी लावते: संमोहन बाजूला ठेवले तरी या व्यक्तीला तुमच्या दुखण्यावर उपचार करण्याची पात्रता आहे का? संमोहन हे एक साधन आहे. ते वापरणारा मुळात दंतवैद्य, मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक त्रासांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) असला पाहिजे आणि आपल्या क्षेत्रापुरतेच ते वापरणारा असला पाहिजे. आपल्या देशात संमोहन उपचारकांची स्वतंत्र वैधानिक नोंदवही नाही, त्यामुळे ‘सर्टिफाइड’ या शब्दामागे दोन वर्षांचे शिक्षण असू शकते किंवा शनिवार-रविवारचे एखादे शिबिरही असू शकते. मूळ व्यवसायाची नोंदणी मात्र पडताळता येते. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्यांची नोंद असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते. क्रमांक विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. नावाआधीचे ‘डॉ.’ पाहून समाधान मानू नये, कारण ते कोणत्या विषयातले आहे हे त्या एका अक्षरावरून कळत नाही. मी स्वतः समुपदेशक आहे, मानसशास्त्रात एम.ए. आहे, आणि मी संमोहन करत नाही, हेही मी त्यांना सांगितले.

त्यांच्या दुखण्यात संमोहनाला खरोखर आधार आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, बारा महिने औषधे घेऊनही ज्यांचा हा त्रास हटत नाही अशा रुग्णांसाठी मानसोपचारांच्या पर्यायांत संमोहनोपचाराचा समावेश केला होता. म्हणून मी त्यांना परावृत्त केले नाही. आधी रक्तदाबाची गोळी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करायला सांगितली आणि पोटविकारतज्ज्ञांकडून चिठ्ठी आणायला सांगितली.

पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर बसूनच पत्नीने पुण्यातील एका नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना फोन केला. पोटाच्या या त्रासाचे किती रुग्ण तुम्ही पाहिलेत, मला आत बसता येईल का, पैसे प्रत्येक सत्राचे वेगळे देता येतील का, असे त्यांनी विचारले. उत्तरांपेक्षा मला उत्तरांचा सूर महत्त्वाचा वाटला: पलीकडच्या बाईंनी कोणतीही हमी दिली नाही, औषधे चालूच ठेवा म्हणाल्या, आणि पूर्वी कधी भास झाले आहेत का, अपस्मार आहे का, हे त्यांनीच उलट विचारले. सत्र मराठीतून होईल ना, हे विचारायला मी सुचवले होते. ही गोष्ट लोक विसरतात, परंतु ज्या भाषेत माणूस घाबरतो त्याच भाषेतली सूचना त्याच्या पोटापर्यंत पोहोचते. इंग्रजी मजकूर वाचून दाखवणाऱ्याचा या गृहस्थांना काही उपयोग नव्हता.

पहिल्या भेटीत संमोहन झालेच नाही, फक्त दीड तास विचारपूस झाली. पुढे आठ सत्रे झाली. आतड्याची चाल शांत व्हावी म्हणून वाहत्या नदीचे चित्र सुचवण्याची पद्धत आहे, पण यांना नदीपेक्षा खंबाटकी घाट उतरणारी गाडी जवळची वाटली: चालकाने योग्य गिअर टाकलेला, ब्रेकवर ताण नाही, वळणे एका लयीत येत आहेत. तेच चित्र त्यांच्या सूचनांत गुंफले गेले आणि त्याचे ध्वनिमुद्रण त्यांना मोबाइलवर दिले गेले.

चार महिन्यांनी दोघे पुन्हा आले. कळ पूर्ण थांबलेली नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी येते आणि मिरचीचा ठेचा खाल्ला की हमखास येते. पंधरा हजारांपैकी एक रुपयाही परत मिळालेला नाही. मात्र त्यांनी बोरिवलीची फेरी पुन्हा मागून घेतली आहे, आणि मुक्कामाच्या रात्री आगाराच्या विश्रांतिगृहात कानात इअरफोन घालून ते तेच ध्वनिमुद्रण ऐकतात.