चालताना फक्त चाल

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. एससीए-२चा, म्हणजे लहान मेंदू झिजवणाऱ्या आपल्या दोघींच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट हातात आल्यापासून दादा स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती पाठवतोय, आई म्हणते नोकरी सोड, आत्या म्हणते लग्न ठरेपर्यंत कुणाकडे बोलू नकोस. तू सगळ्यांचंच थोडं थोडं ऐकतेस आणि थकतेस. मी काही धीराचे शब्द लिहिणार नाही. याच आजारात वडिलांना तू शेवटपर्यंत सांभाळलंस, तुला धीर शिकवणारी मी कोण? पण त्या मेसेजच्या मध्येच तू एक वाक्य सहज टाकलंयस: मोबाइलवर बोलत जिना उतरताना पडले. माझं लक्ष तिथेच अडकलंय. बाकीचं नंतर.

चालताना फक्त चालायचं. बोलायचं नाही, पर्समध्ये किल्ली शोधायची नाही, उद्याच्या मीटिंगचा विचारही करायचा नाही.

याचं कारण नीट समजून घे, म्हणजे मी पुन्हा पुन्हा का सांगते ते कळेल. आपण ज्या हालचाली न विचारता करतो त्यांचा वेग, त्यांचं अंतर, त्यांची वेळ लहान मेंदू जुळवत असतो. त्याच्या पेशी झिजू लागल्या की जे आपोआप होत होतं ते लक्ष देऊन करावं लागतं. प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकायचं. आणि लक्ष आपल्याकडे एकच आहे. ते फोनकडे गेलं की पाय वाऱ्यावर सुटले. कानात इअरफोन घालते, हात मोकळे राहतात, असं तू म्हणतेस. हात मोकळे राहून काय उपयोग?

त्यात आपल्या आजाराला डोळ्यांची भर. डॉ. नोशिर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली आपल्याकडच्या नऊ कुटुंबांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांना वेगळं जाणवलं ते हेच: तोल जातोच, शिवाय नजर एका जागेवरून दुसरीकडे फार संथ सरकते. त्यामागचं जनुक सापडायला १९९६ उजाडलं. मुंबईतल्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षं आधी नुसतं निरखून ते टिपलं होतं, याचा मला आजही अभिमान वाटतो. आता याचा तुझ्यासाठी अर्थ काय? मागून कुणी हाक मारली तर चालता चालता वळून बघायचं नाही. थांब. कठड्याला हात लाव. पायांत अंतर घे. मग मान वळव, आणि नजर पोचायला वेळ दे. रस्ता ओलांडतानाही हेच.

लोक नावं ठेवतील. मला शिष्ट म्हणाले, आजही म्हणतात. ओळखीचं माणूस समोरून हसत येतं आणि मी जमिनीकडे बघत पुढे जाते. पूर्वी मी प्रत्येकाला समजावत बसायचे. आता नाही. पडून मनगट मोडलं तर सहा आठवडे त्यांच्यातलं कुणी माझी वेणी घालायला येणार नाही.

जेवताना फक्त जेवायचं. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, तो गिळून झाल्यावरच पुढचा. माझी लेक शाळेत होती तेव्हा जेवायला बसली की तिच्या गप्पा उतू जायच्या, आणि मी मान खाली घालून गप्प. हळूहळू तीही पानावर गप्प बसायला शिकली. अजून तशीच जेवते. ते मला फार लागतं. पण माझ्या वडिलांचं अन्न श्वासनलिकेत गेलं होतं, त्यातून न्यूमोनिया झाला, आणि ते कसे गेले हे मी पाहिलंय. मला तिच्यासाठी जगायचं होतं. जेवण झालं की ताटं तशीच ठेवून मी तिच्यासमोर बसायचे, हात सुकेपर्यंत तिचं ऐकायचे. तिला ते आठवतं की नाही कुणास ठाऊक. मी बसायचे, रोज बसायचे.

असो. व्यायाम टीव्हीसमोर करतेस म्हणून लिहिलंयस, ते वाचून खरंच राग आला. जपानमध्ये लहान मेंदू झिजत चाललेल्या ४२ जणांना चार आठवडे सराव दिला होता: सोमवार ते शुक्रवार दोन तास, शनिवार-रविवारी एक तास. तोल सुधारला, चाल सुधारली. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. पुढच्या महिन्यांत तो फायदा ओसरत गेला, पण बऱ्याच जणांत थोडाफार टिकला. म्हणजे झिजणारा मेंदूसुद्धा शिकतो, आणि सोडलं की विसरतो. त्याला शिकवताना निम्मं लक्ष मालिकेत ठेवणार का तू? टीव्ही बंद कर. अर्धाच तास कर, पण पूर्ण तिथे राहा.

दादाला सांग, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या आजारात मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर स्टेम सेल देताच येत नाहीत. चाचणीत घेतात तेव्हा रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ते लाखो रुपये चांगल्या फिजिओथेरपिस्टसाठी राहू देत. त्याने स्वतःची तपासणी करायची की नाही हे मात्र त्याचं त्याला ठरवू दे, तू आग्रह धरू नकोस. आत्याचं ऐकायचं नाही. प्रत्येक मुलात हे जनुक जाण्याची शक्यता ५० टक्के आहे, आणि ते लपवून तू कुणाच्या घरात जाणार नाहीस हे मला माहीत आहे. पण लग्न हा आजचा प्रश्न नाही. निर्णयही एका वेळी एकच घे.

आजचा प्रश्न नोकरीचा, आणि ती सोडायची नाही. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. आईला वाटतं हे तुझ्या कार्यालयाच्या मर्जीवर आहे. तसं नाही. खालच्या मजल्यावरची जागा माग, आणि लेखी माग. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज या आठवड्यात भर. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, एमआरआय आणि जनुक तपासणीचा रिपोर्ट यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव. आईला कागदपत्रं घेऊन माझ्याकडे पाठव, तिच्याशी मी बोलते.

तुझी,
काकू