झाडं लावायला डिग्री कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मूळची सांगलीची, पुण्यात बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका ऑफिसकडून महिना २५ हजारांची ऑफर आहे, पण मला लँडस्केपमध्ये (इमारतीभोवतीच्या बागा, मोकळ्या जागा आखण्याचं काम) मास्टर्स करायचंय. इथे केलं तर फी, हॉस्टेल धरून ६ लाखांचं लोन लागेल, अमेरिकेला गेले तर ४० लाख. बाबा म्हणतात झाडं लावायला डिग्री कशाला? हे पैसे सुटतात का हो?

उत्तर: बाबा अर्धे बरोबर आहेत, राग मानू नकोस. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टचं कलम ३७ काढून वाच. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये रजिस्ट्रेशन नसलेल्याला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही, पण त्याच कलमात लँडस्केप आर्किटेक्टला सूट दिलीय, म्हणजे उद्या कुणीही नर्सरीवाला कार्डावर लँडस्केप आर्किटेक्ट छापू शकतो आणि छापतातच. म्हणजे ही डिग्री काही लायसन्स नाही, आणि लायसन्स नाही म्हटल्यावर तिचा पैसा आपोआप येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर.

आता हिशोब. ६ लाख, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता बसतो १२,९०० च्या आसपास (शिकत असतानाचं व्याज वेगळं). दोन वर्षं नोकरी केली असतीस तर समजा २५ चे ३२ झाले असते. मास्टर्स करून बाहेर पडलीस आणि ४० मिळाले तर फरक किती, ८ हजार. म्हणजे पाच वर्षं दर महिन्याला पाचेक हजार खिशातून, शिवाय त्या दोन वर्षांचा बुडालेला पगार. लोक फक्त फी मोजतात आणि हा पगार मोजतच नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

पण गेट (मास्टर्सच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) दिलीस तर गणित फिरतं. गेटच्या स्कोअरवर अ‍ॅडमिशन आणि महिना १२,४०० स्कॉलरशिप, २४ महिन्यांचे जवळपास ३ लाख होतात. लोन निम्म्यावर, हप्ता साडेसहा हजारांपेक्षा खाली, आणि वाढलेल्या ८ हजारात तो सहज बसतो. फक्त ती स्कॉलरशिप तू बघतेयस त्या कॉलेजच्या त्या कोर्सला लागू आहे का हे ऑफिसात जाऊन विचार, वेबसाइटवर विसंबू नकोस.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. ४० लाखांना दहा वर्षांचा हप्ता ५४ हजार. तिथेच नोकरी लागली तर हे सहाशे-साडेसहाशे डॉलर झाले, जमतं. २०२३ पासून लँडस्केप आर्किटेक्चर त्यांच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांच्या) यादीत आलंय, त्यामुळे शिक्षणानंतर एक अधिक दोन अशी तीन वर्षं काम करता येतं, पण पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरीच आहे. नंबर नाही लागला आणि परत आलीस तर इथल्या पगारात ५४ हजार कुठून काढणार? तुमच्याकडे घर तारण ठेवायचा विषय चालला असेल तर माझं मत स्पष्ट नाही असं आहे.

मग कमाई असते कुठे, तर स्वतःच्या कामात, आणि तीसुद्धा उशिरा. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, त्यात झाडांचा, मोकळ्या जागेचा प्लॅन द्यावाच लागतो, म्हणून बाणेर-वाकडकडच्या बिल्डरांना आपण लँडस्केपवाले लागतो. माझं पहिलं पोडियम (पार्किंगच्या स्लॅबवरची बाग) सांगते. ड्रॉइंगमध्ये मी झाडांखाली तीन फूट माती दाखवली होती, आणि स्लॅब डिझाइन झाला होता दीड फुटाच्या लोडवर. स्ट्रक्चरलवाल्यांनी नुसतं वर बघितलं आणि पेन खाली ठेवलं. मग सगळी मोठी झाडं कॉलमच्या डोक्यावर सरकवली आणि मध्ये लॉन. आंध्रातल्या कडियमच्या नर्सरीतून ट्रक रात्री दोनला आला, मुळांचे गोळे गोणपाटात बांधलेले, हायड्राच्या (क्रेनच्या) ड्रायव्हरचा पत्ता नाही, आणि बिल्डर फोनवर, मॅडम पामच लावा ना, लगेच दिसतात. दीड फूट माती आणि तीन फूट माती यातला फरक, पाणी कुठून निघणार, वॉटरप्रूफिंगवर मूळ गेलं तर काय, हे शिकायला डिग्री उपयोगी पडते, नर्सरीवाल्याला ते येत नाही. बाबांना हे सांग.

फीचं मात्र आधीच ऐकून ठेव. एक लाखाचं बिल केलं की दहा हजार टीडीएस कापून येतो (रिटर्न भरलं की हिशोबात धरतात, पण तोवर हातात नसतो), आणि जीएसटी नंबर असेल तर बिल काढलं की १८ हजार सरकारला भरायचे, क्लायंटने पैसे दिलेत की नाही हे कुणी विचारत नाही. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता माझा एका साइटवर चौदा महिने अडकला होता, कारण काय तर दोन झाडं मेली.

मी तुझ्या जागी असते तर ती ऑफर घेण्याआधी एखाद्या लँडस्केप ऑफिसात पगार थोडा कमी असला तरी एक वर्ष काढलं असतं. उन्हात साइटवर उभं राहणं जमतंय का ते कळेल आणि सोबत गेटचा अभ्यासही होईल. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात, पेपर फेब्रुवारीत, आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा. शेवटच्या वर्षाला असतानाही देता येतो, त्यामुळे फॉर्म निघाले की भरून टाक, लोनचं नंतर बघू.